बी बाजूचं तिसरं गाणं

रिसोड,
दि. ३० ऑगस्ट २०२५

चि. सौ. पंचफुला हिस,
दादाचे अ. उ. आशीर्वाद.

पत्राले उशीर झाला, रागावू नको. फोन करत जा म्हणतं तू, पण फोनवर मले आता निस्ता खरखराट ऐकू येते. डावा कान ट्रान्सफॉर्मर फुटला तवा गेला तो गेलाच, आता उजवाही वाहून राह्यला. परवा गोपीचंदरावांनी फोन केला, मी तीनदा कोण बोलते म्हणून ओरडलो, त्याहीनं बिचाऱ्यानं ठेवून देला. तवा पत्रच बरं. लिवलेलं तरी कोणी बुडवत नाही.

अकोल्याच्या डॉक्टरनं कानात दुर्बीण घालून पाह्यलं. आतलं हाड पोखरत चाललं म्हणे. ऑपरेशन लवकर करा, मेंदूकडे सरकलं तर जिवावर बेतन. मी इचारलं, मंग ऐकू येईन काय. तो म्हणे सांगता येत नाही, राह्यलं तर राह्यलं. आता तूच सांग, असा सौदा कोण करते? बारा सप्टेंबरची तारीख घेतली अन घरी येऊन रद्द केली. तुही वहिनी दोन दिवस माह्यासंग बोलली नाही. बरं झालं, तेवढाच कानाले आराम.

कारण तुले माहीत हाये. ग्रॅनाइट रोडवाल्यांच्या, त्या इंग्लंडच्या बँडच्या, गाण्याची नवी पेटी निघाली. तिसऱ्या अल्बमले पन्नास वर्षं झाले म्हणून कंपनीनं जुन्या फिती काढल्या, धुतल्या, पुसल्या अन सहा तबकड्यांची पेटी केली. त्यातल्या दोन तर स्टुडिओतल्या न कापलेल्या फितीच्या. आपल्या वैभवीनं पुण्याहून मागवली, अजूक यायची हाये. म्हणजे एकाच अल्बमच्या माह्या कपाटात आता पाच पेट्या होतीन. लिला म्हणते, तेच लुगडं पाच वेळा धुतलेलं पाच वेळा इकत घेणारा बह्याड तिनं अजूक पाह्यला नव्हता.

तिले कसं समजावू? मी त्या बाईले शोधून राह्यलो. बी बाजूचं तिसरं गाणं, दुसरं कडवं संपलं की मागून एक बाई गुणगुणते. शब्द नाही, काही नाही, पण असं की माणसानं हातातला घास हातातच ठेवावा. माह्या जुन्या कॅसेटवर थे होतं. अठरा वर्षं ऐकलं. दोन हजार तीनमधी टेपनं फीत खाल्ली अन बाई गेली. मंग पह्यली सीडी आणली, बाई नाही. रिमास्टरची पेटी आणली, मंग अजूक दोन आणल्या, बाई नाही. एका कानाचा माणूस मी, एकदा हेडफोन सरळ घालतो, एकदा उलटा, म्हणजे डावीकडचंही उजव्या कानात येते. दरेक तबकडी दोनदा ऐकली. नाही म्हणजे नाहीच. साफसफाईच्या नादात तिले पुसून टाकलं त्याहीनं. पुस्तिकेत ढोलवाल्यापासून चहा देणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे नावं हायेत, त्या बाईचं नाव नाही. हा अन्याव हाये पंचफुले.

पेटी आली, बाई एकदा ऐकली, की मी डॉक्टरापुढं मान ठेवतो. त्याच्या आधी नाही. जीव नुसता इकडून तिकडे होऊन राह्यला. पोस्टात रोज दोन चकरा होतात, पोस्टमन मले पाहून मांगच्या दारानं निघते.

गोपीचंदरावांना नमस्कार, लेकरांले आशीर्वाद. माया हायेच, वरून अजूक घालत जा.
तुहा दादा,
मारोतराव


मेडशी,
दि. ५ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
पंचफुलाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं अन सैपाकघरात जाऊन उगीच भांडे आपटले. तारीख रद्द केली म्हणे! दादा, तुमी खांबावर चढून वीज दुरुस्त करत होते तवा आधी मेन बंद करत का पेटीची वाट पाहत? मेंदूकडे सरकते म्हटल्यावर मले रात्रीले जेवण गेलं नाही. ह्याहीले सांगतलं तर हे म्हणतात, तुहा भाऊ लहानपणापासून असाच, गाडी सुटल्यावर तिकीट काढणारा.

इकडे सोयाबीन बरं हाये, पिवळं पडून राह्यलं. महिन्याभरात सोंगणीले येईन. मी भजनी मंडळात जाते शनिवारी, पण टाळ वाजवते, तोंड उघडत नाही. बाया हसतात.

एक इचारते, खरं सांगा. थे बाई नवीन पेटीतही सापडली नाही तर काय करसान? सहावी मागवसान? अन दादा, तुमाले आठवते काय, थे कॅसेट भरली कशी होती? नीट आठवून लिवा. मले काम हाये.

लिलावहिनीले नमस्कार. कानात तेल-बिल काही घालू नका. तुमचा लोभ कमी होऊ देऊ नका, एवढंच मागणं.
तुमची बहीण,
पंचफुला


पुणे,
दि. १२ सप्टेंबर २०२५

ती. सौ. आत्यास,
वैभवीचा सा. न. वि. वि.

आज बाबांचं ऑपरेशन असायला हवं होतं. म्हणून तुला लिहायला बसले. फोनवर मला रडू येतं आणि मग तुला काकांच्या हातात फोन द्यावा लागतो.

मी सुट्टी काढून अकोल्याला डॉक्टरांना भेटले. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे पुढच्या वर्षी बघू म्हणण्यासारखं दुखणं नाही. कधी आत शिरेल याचा नेम नाही. बाबांना सांगितलं तर ते म्हणतात पेटी आली की लगेच. पेटी परदेशातून निघाली आहे आणि मुंबईच्या कस्टममध्ये अडकली आहे. चूक माझीच, मी मागवली. नाही म्हणायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मला जमलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी मी बाबांना सांगितलेली नाही. त्यांनी माझ्याकडून त्या इंग्लंडच्या कंपनीला तीन पत्रं लिहून घेतली होती की त्या गायिकेचं नाव छापा. परवा उत्तर आलं. फार सभ्यपणे लिहिलंय की त्या अल्बमवर एकही बाई गायलेली नाही, सगळ्या फिती पुन्हा तपासल्या, तुमच्या वडिलांची काहीतरी गफलत होत असावी. आता तूच सांग, हे त्यांना कसं सांगू? बावीस वर्षं त्यांनी तिला शोधलं आहे. पेटीत ती नाही हे मला माहीत आहे आणि त्या पेटीसाठी ते ऑपरेशन टाळत आहेत. आत्या, मला वेड लागायची पाळी आलीय.

ते फक्त तुझं ऐकतात. काहीही कर, खोटं बोललीस तरी चालेल, पण त्यांना टेबलावर झोपव.

माझ्यावर जीव आहेच तुझा, थोडा बाबांसाठी जास्तीचा काढून ठेव.
तुझी,
वैभवी


रिसोड,
दि. २० सप्टेंबर २०२५

चि. सौ. पंचफुला हिस,
दादाचे अ. उ. आशीर्वाद.

पेटी मुंबईले अडकली. पंचविसाची तारीख होती, तीही रद्द केली. आता लिहू नको काही, लिलानं जेवढं बोलायचं तेवढं बोलून घेतलं. दोन दिवस ताप होता, कानामांगं ठणकते, उशीवर डाग पडतात. पण घरात बसवत नाही. बसस्टँडवर जातो, रऊफच्या दुकानात बसतो, उठतो, पोस्टात जातो, पुन्हा रऊफ. तो आता मोबाईलचे कव्हर इकते, टेप रिपेरिंग कवाच सुटलं. तो म्हणे मारोती, तू खुर्चीले बांधून ठेवायच्या लायकीचा हायेस.

तुनं कॅसेटचं इचारलं. बाप्पा, थे कोण इसरते! पंच्याऐंशीचा मे महिना. अमरावतीले आयटीआयमधी होस्टेलवरच्या एका पोरानं थे ओरिजनल सुट्टीपुरती देली होती, मी घरी घेऊन आलो. भरायले वायर नव्हती. रऊफच्या बापाच्या दुकानातून एक टेप आणला, आपला त्याच्या तोंडापुढं ठेवला, एक वाजते अन दुसरा हवेतून ऐकून भरून घेते. दार बंद, खिडकी बंद, पंखा बंद. तवाच बाबांनी मले वावरात बलावलं. मंग तुले बसवलं, बाजू पलटवायले. तुले सांगतलं होतं, आवाज केला तर टंगडी मोडीन. तू बसली मुकाट दीड घंटा त्या भट्टीत. म्हणून तर एवढी साफ भरली. ए बाजूले कोणाच्या बैलाचे घुंगरं आले तेवढे, बाकी काही नाही. गुणाची पोरगी होती तू. तवाही सांगतलं नाही, आता सांगतो.

तुहं काय काम होतं थे नाही समजलं. असो. प्रेम राहू दे अन उत्तर लवकर पाठव, पोस्टात जायले कारण पाह्यजे.
तुहा दादा,
मारोतराव


मेडशी,
दि. २७ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
पंचफुलाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी चारदा लिवलं अन चारदा चुलीत टाकलं. आता पोस्टात टाकून मंगच घरी येणार.

दादा, थे बाई मी हाये.

खाली बसा अन पुढचं वाचा. त्या दिवशी खोलीत श्वास घ्यायले हवा नव्हती. घामानं परकर ओला. ए बाजू मी दातावर दात ठेवून ऐकली, घुंगरं आले तवा रडायलेच आलं की तुमी मले मारसान. मंग बी बाजू लावली. इंग्रजी मले कुठून समजणार, पण तिसऱ्या गाण्यात दुसरं कडवं झालं की थे लोकं थांबतात, गिटार एकटंच चालते, आठवते ना? तिथं जागा रिकामी होती. मी मुद्दाम नाही केलं. कोणी दार उघडं ठेवलं की आपण आत जातो, तसं झालं. गुणगुणून झाल्यावर ध्यानात आलं की टेप चालू हाये. 

संध्याकाळी तुमी वावरातून आले अन कॅसेट लावली. मी दारामांगं उभी होती, टंगडी जवळ घेऊन. त्या जागी आलं अन तुमी टेप बंद केला. मांगं घेतला. पुन्हा लावला. अन बाबांना म्हटलं की काय गाते हो हे बाई, असा गळा मी जन्मात ऐकला नाही.

आता सांगा, मी काय बोलणार होती? त्याच्या आधीच्या जानेवारीत शाळेच्या गॅदरिंगमधी मी गायली अन पह्यला नंबर आला, तवा घरी येऊन आईले तुमीच सांगतलं होतं की पोरीनं असं लोकांपुढं तोंड उघडून गाणं शोभत नाही, लोकं काय म्हणतीन. त्या दिवसापासून मी बंद केलं. मंडळात टाळ वाजवते म्हणून बाया हसतात, त्याहिले काय माहीत. म्हणून पह्यले भेवानं सांगतलं नाही, अन मंग लोभानं. तुमी पत्रात त्या बाईचं लिवत, थे पान मी दोनदा वाचत होती. चाळीस वर्षं कोणीतरी माह्या गळ्याची तारीफ करत होतं, नाव का नसेना. खरं सांगते, गोड लागत होतं.

पण आता तुमी मरसान त्या बाईपायी. पेटीत थे नाही, पाचवीत नाही अन पन्नासावीतही राहणार नाही. वैभवीले कंपनीचं पत्र आलं, त्याहीनंही तेच लिवलं. तवा उठा अन अकोल्याची गाडी धरा. मले टंगडीचं भेव नाही आता, तुमचं हाये.

माफी मागते. अंतर देऊ नका.
तुमची,
पंचफुला


रिसोड,
दि. १ ऑक्टोबर २०२५

पंचफुला,

तुनं अन वैभवीनं मिळून ही गोष्ट रचली, मले समजत नाही काय? मले टेबलावर झोपवायले तू एवढी खोटी बोलशीन असं वाटलं नव्हतं. कंपनीचं पत्र माह्यापासून लपवलं, ते एक. अन वरून हे!

अठरा वर्षं माहा ऐकलेला आवाज हाये. थे बाई तालात बरोब्बर येते अन बरोब्बर सुटते. इंग्लंडच्या शिकलेल्या बाईचा गळा अन वावरात निंदण करणाऱ्या बाईचा गळा मले वेगळा करता येत नाही काय? बहीण म्हणून काहीही सांगशीन?

पेटी येईन, बाई सापडन, मंग तुहं तोंड पाहीन. तोवर पत्र धाडू नको.
मारोतराव


मेडशी,
दि. ४ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
पंचफुलाचा शि. सा. न. वि. वि.

तुमी आशीर्वाद लिवला नाही, मी नमस्कार लिवला. लहान हाव म्हणून सोडत नाही मी रीत.

निंदण करणाऱ्या बाईचा गळा, हे वाक्य वाचून मी तुमचं पत्र ह्याहिले दाखवलं नाही, नाहीतर ह्याहीनं तुमाले उभ्या जन्मात नमस्कार घातला नसता. रडली मी. मंग राग आला, अन राग बरा असते, हातपाय चालतात.

गुरुवारी नऊ तारखेले येते. सोयाबीन सोंगून पडलं, मळणीयंत्र त्याच दिवशी येणार हाये, पडू द्या. पह्यल्या बसनं मालेगाव, तिथून रिसोड, अकराच्या आत पोचते. तुमी तुमची कोणतीही पेटी लावा. तिसरं गाणं लावा. दुसरं कडवं संपू द्या, बाकीचं मी पाहून घेते. नाही पटलं तर चहासुद्धा न घेता माघारी निघते अन पुन्हा तुमच्या दारात पाय ठेवत नाही.

पटलं तर मात्र तारीख घ्यायची. मी सांगन ती.

राग गुरुवारपर्यंत राहू द्या, माया त्याच्या पुढं ठेवा.
तुमची,
पंचफुला


रिसोड,
दि. ११ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. पंचफुला हिस,
दादाचे अ. उ. आशीर्वाद. मांगच्या पत्रातले राह्यलेलेही ह्यातच घे.

तू परवा बाराच्या बसनं न बोलता गेली. मी उठून बाहीर गेलो म्हणून तुले वाटलं असन की पटलं नाही. लिलानंही मले तेच सुनावलं, की बहीण एवढ्या दुरून आली अन हा दगड उठून चालता झाला. तिले अन तुले दोघीले काय झालं थे ह्या पत्रात सांगतो, तोंडानं जमलं नाही.

पेटी तू यायच्या आदल्या दिवशी आली होती. मी तुले सांगतलं नाही. रातभर ऐकली, सरळ, उलटी. न कापलेल्या फितीत थे लोकं खोकलतात, शिव्या देतात, खुर्च्या सरकवतात, सगळं हाये. दुसरं कडवं संपते अन तिथं कोणीच नाही. सकाळी मी एवढा कासावीस झालो की लिलानं मले पाणी पाजलं. अन अकरा वाजता तू दारात, पदरानं घाम पुसत.

गाणं लावलं तवा मी मुद्दाम तुह्याकडे पाह्यलं नाही. कडवं संपलं अन तू सुरू केलं. पंचफुले, मले दुसरा श्वास घ्यायच्या आत समजलं. तुहा आवाज आता जाड झाला, मधी एकदा फाटला, पण थे सुटायची जागा, थे कशी सोडतं तू शेवटले, थे दुनियेत दुसऱ्या कोणाचं नाही. मी उजवा कान तुह्या तोंडाजवळ नेला, आठवते ना? अन मंग मले तिथं थांबवलं नाही. मांगं टाक्याजवळ जाऊन रडलो. लाईनमननं बहिणीपुढं रडू नये, असलं काहीतरी डोक्यात होतं. बह्याड तो बह्याडच.

इंग्लंडच्या कंपनीशी मी बावीस वर्षं भांडलो की एका बाईचा गळा दाबून टाकला तुमी. दाबला मीच होता, आपल्या घरात, गॅदरिंगच्या दिवशी. मले थे आठवतही नव्हतं. तुले रोज आठवत असन. लोकं काय म्हणतीन म्हटलं होतं मी. लोकं काहीच म्हणत नव्हते पंचफुले, टाळ्या वाजवत होते. माह्या पोटात दुखलं होतं, की पोरीचं नाव होते अन माहं होत नाही. हे मी लिलालेही सांगतलं नाही. तुले हात जोडून माफी मागतो.

तारीख घेतली. पंधरा ऑक्टोबर, बुधवार. तुनं सांगायची होती, पण ठणका थांबत नाही अन मी आता वाट पाहत नाही. डॉक्टरनं पुन्हा तेच सांगतलं, ऐकू येईन का नाही माहीत नाही. मले भेव वाटून राह्यलं, खोटं काहून बोलू. तू ये. रडायले येऊ नको.

तुहा, कायमचा,
दादा


अकोला,
दि. १७ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
पंचफुलाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या खाटेपासून दोन हातावर बसून लिवून राह्यली. डोक्याले एवढी मोठी पट्टी, काही बोलावं तर तुमी नुसते डोळे मोठे करता, म्हणून वैभवीच्या वहीचं पान फाडून घेतलं. वाचून झालं की उशीखाली ठेवा, नर्सबाई ओरडते.

डॉक्टर सकाळी येऊन गेले. खराब होतं थे सगळं काढलं, जिवाचं भेव गेलं म्हणे. लिलावहिनीनं ऐकलं अन तिथंच खाली बसली. कानाचं मात्र पट्टी सुटल्यावर समजन, पुढच्या शुक्रवारी. वैभवी म्हणते खोटी आशा दाखवू नका, म्हणून दाखवत नाही. ह्याहीनं सोयाबीन घरात आणलं, काळजी करू नका.

मघा तुमी दोनदा हात हलवून इचारलं की माहे ओठ काहून हलतात. तुमाले वाटलं मी देवाचं नाव घेते. नाही दादा. थेच गाऊन राह्यली, दुसऱ्या कडव्यामागचं. सकाळपासून. पह्यले हळूच होतं, मंग शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई भुरीबाई म्हणे जरा मोठ्यानं म्हण, ह्याले झोप लागते. तर मोठ्यानं म्हटलं. पूर्ण वॉर्डात गेला असन आवाज, दारात दोघंतिघं येऊन उभे राह्यले. मी थांबली नाही.

शुक्रवारी ऐकू आलं तर पह्यले हेच ऐकसान. नाही आलं तर मी समोर बसून म्हणन, तुमी पाहत जा.

भुरीबाईनं इचारलं, कोणाचं गाणं हाये बाई हे. मी म्हटलं, माहं.

लोभ असू द्या, अन आता डोळे मिटून पडा.
तुमची,
पंचफुला